देवाच्या कामाचं धान

सकाळी पावणेसहा वाजता धानाचं पारडं वर गेलं.

फार नाही, दोन बोटं. पण मुरूमझरीच्या तलावाच्या पाळीवर, महादेवाच्या देवळात जे साठसत्तर लोक उभे होते, त्यांना तेवढं पुरेसं होतं. पुराणिक महाराजांनी पारड्याला बोट लावून ते खाली दाबलं आणि सोडलं. ते पुन्हा वर आलं आणि त्याच जागी थांबलं.

"हलकं," महाराज म्हणाले.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. कोणीतरी विचारलं, "का झालं जी?" पुढचे पारड्याकडेच पाहत होते. मुरूमझरीचे लोक एका बाजूला होते, हरदटोल्याचे दुसऱ्या बाजूला. हरदटोल्याच्या बाजूनं एक म्हातारा खाली बसला.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाची भंडाऱ्याची वार्ताहर होते. आषाढी पौर्णिमेचा हा तोल बघून छोटी, रंजक बातमी पाठवायची, एवढंच माझं काम होतं. संपादकांनी दीडशे शब्द सांगितले होते आणि फोटो जमला तर एक फोटो.

रीत साधी होती. पौर्णिमेच्या संध्याकाळी एका पारड्यात काळा दगड, दुसऱ्यात धान. दोन्ही बरोबर होईपर्यंत दाणा दाणा घालायचा. मग ते धान कापडात बांधून रात्रभर गाभाऱ्यात ठेवायचं, दार लावायचं आणि सकाळी पुन्हा त्याच दगडाशी तोलायचं. धान जड झालं तर पाऊस येणार, हलकं झालं तर ओढ देणार. जुन्या ज्योतिषग्रंथांत हे लिहिलेलं आहे, चंद्र उत्तराषाढा नक्षत्राला असताना बी तोलायचं असतं, असं महाराजांनी मला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. श्लोकही म्हणून दाखवला होता.

मला श्लोकापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटलं. मालगुजारीच्या काळापासून तलावाचं पाणी या तोलावर ठरत होतं. धान जड भरलं तर तुडूम उघडायचं, म्हणजे तलावाच्या तळाशी असलेलं लाकडी बूच काढायचं आणि पाणी नहरेनं खालच्या हरदटोल्याला रोवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, सोडायचं. पाऊस येणारच आहे, तलाव पुन्हा भरेल, असा हिशेब. धान हलकं भरलं तर मघा नक्षत्र लागेपर्यंत बूच काढायचं नाही. पाणी मुरूमझरीच्या शेतांसाठी राखायचं. तलाव आता सरकारचा होता, पण सरकारी साहेब या तंट्यात पडत नसत. गावचं गाव पाहील, म्हणत.

त्या वर्षी मृगात पेरणी झाली, आर्द्रा बरी गेली आणि पुनर्वसूत पावसानं पाठ फिरवली. हरदटोल्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवणीला आले होते आणि जागच्या जागी पिवळे पडत होते. येताना मी ते पाहिले होते. टोकं वाळली होती. आणखी चारपाच दिवस पाणी मिळालं नाही तर उपटायलासुद्धा काही राहणार नाही, असं हिरामण वलथरे मला बांधावर उभा राहून म्हणाला होता. हिरामण हरदटोल्याचा ढिवर. तलावात मासे धरायचा आणि दोन एकर धान करायचा. तोलाच्या धानाची गाठ त्याच्या गावातर्फे तोच मारायचा. वर त्याच्या जाळ्याचा धागा गुंडाळायचा, म्हणजे रात्री कोणी गाठ सोडली तर कळावं.

आता तो पुढं झाला. त्यानं पारड्यातली पुरचुंडी उचलली, उलटीसुलटी केली, धागा डोळ्याजवळ नेला.

"गाठ तुझीच आहे ना?" महाराजांनी विचारलं.

"माझीच हाये."

"मग?"

हिरामणनं पुरचुंडी परत ठेवली. "गाठ माझीच हाये जी. पन धान काल हाताले गार लागलं होतं. दरसाल नाही लागत."

"रात्रभर दगडावर ठेवलं तर गार नाही लागणार तर काय?"

"रात्री ठेवाच्या आधीचं सांगून राह्यलो मी."

महाराज त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गाभाऱ्याची किल्ली कमरेला खोचली.

भगवंतराव कापगते पायरीवर आले. मुरूमझरीच्या जुन्या मालगुजारांचा हा मुलगा. वय चाळीसच्या आत, पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ. त्यांच्या घरचं धान तोलाला लागतं, हा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच. ते आवाज न चढवता बोलले. आपल्यालाही वाईट वाटतं, म्हणाले. पण रीत दोन्ही गावांनी मानलेली आहे, गेली कित्येक वर्षं धान जड भरलं तेव्हा आम्ही बूच काढायला एक दिवस उशीर केला नाही, आता हलकं भरलं तर हरदटोल्यानंही तसंच वागावं. मघा लागली की बघू.

"मघात का धुऊ का पऱ्हे?" हिरामण म्हणाला. हरदटोल्याकडून दोघंतिघं हसले. तसं ते हसणं नव्हतं.

मला मात्र त्या भाषणातलं एक वाक्य अडलं. गेली कित्येक वर्षं जड. मी महाराजांना गाठून विचारलं, याआधी हलकं कधी भरलं होतं? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या वडिलांच्या वेळी एकदा, म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या काळात कधी नाही.

"पण दुष्काळ तर पडले ना मधल्या काळात?"

"पडले."

"तेव्हाही जड?"

"आषाढात जड भरलं. पुढं पाऊस गेला. शास्त्राचा दोष नाही, बाई. तोलणाऱ्याचा असेल."

"आणि यंदाच्या पंचांगात काय आहे?"

ते थोडे अडखळले. पंचांगात पुष्य नक्षत्राचं वाहन बेडूक होतं. सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तेव्हा वाहन काढतात आणि बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला. म्हणजे पंचांग पाऊस सांगत होतं आणि तोल दुष्काळ. महाराज म्हणाले, पंचांग साऱ्या देशाचं असतं, तोल या तलावाचा.

उत्तर तयार होतं. मला ते जरा जास्तच तयार वाटलं. हा माणूस रात्रभर दाराशी झोपला होता, किल्ली त्याच्याकडे होती आणि त्याच्या घरी वर्षाचं धान कापगत्यांच्या वाड्यावरून जात होतं. गाठ न सोडता धान हलकं कसं करायचं, एवढंच मला सुचत नव्हतं. मी दगड उचलून पाहिला. कोरडा होता, खालून कुठं काही चिकटवलेलं नव्हतं. गाभाऱ्यात दोन समया तेवत होत्या. आत उकाडा होता. समया दरसाल असतात का, असं मी विचारलं. दरसाल असतात, आणि तेवढ्याच, असं दोन्ही गावांच्या लोकांनी सांगितलं.

माझी पिशवी कापगत्यांच्या घरी होती. पाहुणी म्हणून मला तिथंच उतरवलं होतं. मी गेले तेव्हा भगवंतरावांची बायको वेणू चुलीपाशी बसून भाकऱ्या करत होती. ती मूळची नागपूरची. लग्नाला सातआठ वर्षं झाली होती, तरी गावात तिला अजून नागपूरवालीच म्हणत. तिनं मला चहा दिला आणि विचारलं, तोल कसा लागला. मी सांगितलं. तिचा हात परातीत थांबला.

"हलकं? असं कसं होईल? मी तर एवढं निवडून दिलं होतं."

"तुम्ही दिलं होतं? मान सासूबाईंचा आहे ना?"

मान सासूबाईंचाच होता, पण अनसूयाबाई घरी नव्हत्या. भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं, मोतीबिंदू काढायला गेल्या होत्या, आज दुपारच्या एसटीनं येणार होत्या. म्हणून यंदा पहिल्यांदाच धान वेणूनं दिलं. ढोल्यातून, म्हणजे घरच्या कणगीतून काढलं, खडा न्‌ खडा निवडला, तीन पाण्यांतून धुतलं आणि पंख्याखाली पसरलं.

"धुतलं?"

"देवाचं काम आहे. न धुता कसं द्यायचं?"

"सासूबाई पण धुतात?"

तिला ते माहीत नव्हतं. तोलाच्या दिवसांत सासूबाई तिला त्या धानाला हात लावू देत नसत. कधी गच्चीवर, कधी चुलीवरच्या माळ्यावर पसरून ठेवलेलं तिनं पाहिलं होतं, पण ते कशासाठी ते विचारलं नव्हतं.

"मग धुवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यांनीच..." ती म्हणाली आणि थांबली. मग तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणजे, कोणी सांगायला कशाला हवं? आमच्या माहेरी धुतल्याशिवाय काही चढवत नाहीत."

मी चहा संपवला. त्यानंतर मला विचारायचं फार उरलं नव्हतं. धुतलेलं धान वरून कोरडं दिसतं, आत पाणी असतं. दोन समयांच्या उबेत रात्रभर ठेवलं तर ते हलकं होणारच. आणि उन्हात नाहीतर चुलीवर खडखडीत वाळवलेलं धान आषाढाच्या दमट हवेत ठेवलं तर ते ओल ओढून घेणार. दरसाल. पाऊस येवो न येवो.

दुपारी मी एसटीच्या थांब्यावर गेले. अनसूयाबाई कंडक्टरचा हात धरून उतरल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. उंच बाई, पदर घट्ट खोचलेला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी उघड्या डोळ्यानं मला नीट पाहून घेतलं.

"पेपरवाली. मंग तुले माहीत असन. तोल का लागला, जड का हलका?"

मी सांगितलं. त्या चालायच्या थांबल्या. रस्त्यात कोणी नव्हतं.

"धान कोनं देलं?"

"वेणूताईंनी. धुऊन."

त्या पुन्हा चालू लागल्या. बरंच अंतर आम्ही चाललो. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पावसाळ्यात कोनी डोळा कापून घेते का, पोरी? डाक्टर बी हासला. म्हने, बुढी, दिवाळीनंतर काहून नाही आलीस? म्या म्हटलं, पोरानं नाव घातलं."

"तुम्ही धान वाळवून देता का दरवर्षी?"

"देवाच्या कामाचं धान ऊन दाखवल्याबिगर द्याचं नसते. माझ्या सासूनं सांगतलं होतं."

"का, ते सांगितलं होतं का?"

"सासूले का म्हनून कोनी विचारते का?"

"तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं?"

त्यांनी मान वळवली. पट्टीच्या बाजूनं मी चालत होते, म्हणून त्यांना पूर्ण वळावं लागलं. "हरदटोला. माझंबी हरदटोला. आमच्या घरची मोठी सून तिथूनच येते. तलाव बांधला तवापासून. वेणूच तेवढी भायेरची. भगवंतानं नागपुरात पाहून आनली."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, जसं कोणी आपल्या घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगावं. त्यात त्यांना काही दिसत होतं की नाही, मला ओळखता आलं नाही. मी त्या घरात दोन रात्री राहिले आणि शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

चारच्या सुमाराला पाळीवर बैठक बसली. हरदटोल्याची तरुण पोरं कुदळी घेऊन आली होती आणि कुदळी लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. त्यांचा रोख महाराजांवर होता. एकानं सरळ विचारलं, महाराज, कापगत्यांच्या घरून यंदा किती पोती येणार? महाराजांचा चेहरा उतरला. साठीचा माणूस, पंचवीस वर्षं त्यांनी हा काटा धरला होता. त्यांनी गाभाऱ्याची किल्ली कमरेतून काढून सगळ्यांसमोर पायरीवर ठेवली. ज्याला वाटत असेल त्यानं घ्यावी, म्हणाले. कोणी घेतली नाही, पण राहू द्या असंही कोणी म्हणालं नाही.

तेव्हा अनसूयाबाई आल्या. बायका सहसा या बैठकीला येत नसत. त्या देवळाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"धान माझ्या हातचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मान माझा हाये. मी जित्ती असताना दुसऱ्या हातचं धान देवाले चढलं. तो तोल मी मानत नाही."

भगवंतराव उठले. "आई, घरचंच धान आहे. वेणूनं दिलं काय आणि तू दिलं काय."

"मंग माझ्या हातचं घ्या. घरचंच हाये."

हरदटोल्याकडून हिरामणची दाद आली, "बरोबर बोलली मालकीण." मुरूमझरीतल्या दोनचार म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. मानाची गोष्ट त्यांना पटली होती. भगवंतरावांना आईशी चारचौघांत वाद घालता येईना. त्यांनी दुसरी वाट धरली. तोल पौर्णिमेच्या संध्याकाळीच होतो, म्हणाले. पौर्णिमा दुपारीच संपली. आता देवाला कोणत्या तिथीला तोलायला सांगायचं?

सगळे महाराजांकडे पाहू लागले. भंडाऱ्याहून निघताना मी पंचांग पाहिलं होतं आणि भगवंतराव म्हणत होते ते बरोबर होतं. पौर्णिमा दुपारी संपत होती.

महाराज उठले, पलीकडच्या आपल्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. त्यांच्या फळीवर दोन पंचांगं होती. एक सगळीकडे मिळतं ते, ज्यातून ते मला बेडूक दाखवत होते. दुसरं जाड, जुन्या गणिताचं, वाराणसीहून मागवलेलं. त्यांचा हात पहिल्यावर गेला, क्षणभर तिथं राहिला आणि मग त्यांनी दुसरं काढलं. बाहेर येऊन चष्मा लावून वाचलं.

"या गणितानं पौर्णिमा रात्री पहिल्या प्रहरापर्यंत आहे," ते म्हणाले. "सूर्यास्ताला तोल होऊ शकतो. हात चुकला असेल तर कालचा तोल झालाच नाही असं समजावं."

"दरवर्षी हेच गणित धरता का, महाराज?" भगवंतरावांनी शांतपणे विचारलं.

"गरज पडेल तेव्हा धरतो," महाराज म्हणाले आणि पायरीवरची किल्ली उचलली.

घरी अनसूयाबाईंनी ढोल्यातून पायलीभर धान काढलं. लोखंडी परातीत ओतून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं, खाली मंद जाळ केला आणि हातानं वरखाली करत बसल्या. वेणूला त्यांनी पाणी आणायला विहिरीवर पाठवलं. मी मागच्या मोरीत हात धूत होते. मधे एकच कुडाची भिंत होती. भगवंतराव आत आल्याचं मला त्यांच्या चपलांवरून कळलं.

"पावसाळ्यात धान भाजतेस, आई?"

"ऊन नाही. मंग का करू?"

परातीत धान फिरवल्याचा आवाज आला.

"तू मले आषाढात पाठवलंस," अनसूयाबाई म्हणाल्या.

"शिबिर तेव्हाच होतं."

"हो. शिबिर तवाच होतं. वेणूले धान धुवाले कोनं सांगतलं?"

"देवाचं म्हणून धुतलं असेल तिनं. मला काय माहीत?"

"तुले नाही माहीत."

"तुला माहीत आहे ना?" त्यांचा आवाज प्रथमच बदलला. "मग आता बैठकीत का नाही सांगितलंस? सांगायचं होतं, धान धुतलं म्हणून हलकं झालं. मग लोकांनी विचारलं असतं, इतकी वर्षं जड कसं होत होतं. वरची शेतं भादव्यात करपली, तीनदा करपली, बाबा असताना. तेव्हाही जड."

पुन्हा धानाचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "मी सांगीन तवा तुझंबी सांगा लागन."

भगवंतरावांच्या चपला बाहेर गेलेल्या ऐकू आल्या. वेणू घागर घेऊन मागच्या दारानं आली आणि मला म्हणाली, इथं अंधारात काय करताय, आत चला. मी आत गेले तेव्हा चुलीपाशी अनसूयाबाई एकट्या होत्या. त्यांनी परातीतून एक दाणा उचलून दातांखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला.

"वाजला," त्या मला म्हणाल्या. "आता देवाले चालते."

सूर्यास्ताला महाराजांनी दाणा दाणा घालून पारडी बरोबर केली. भगवंतराव जवळ उभे राहून पाहत होते. त्यांनी दोन समयांच्या जागी चार लावायला सांगितल्या, देवाचं काम आहे म्हणून. महाराज म्हणाले, दोनच लागतील, रीत आहे. हिरामण गाठ मारायला पुढं झाला. त्यानं पुरचुंडी हातात घेतली आणि त्याचा हात थांबला. धान कोमट होतं. मला ते माहीत होतं, कारण मी ते आणताना पाहिलं होतं. त्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराज समईची वात सारत होते. त्यानं अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या डोळ्यावरची पट्टी नीट करत होत्या. मग त्यानं गाठ मारली, धागा गुंडाळला, एरवीपेक्षा दोन वेढे जास्त दिले आणि मागं सरला.

सकाळी पारडं खाली आलं. आदल्या दिवशी जेवढं वर होतं त्याहून कमी, पण खाली.

"जड," महाराज म्हणाले, आणि या वेळी मागच्यांनाही ऐकू गेलं.

बूच काढायला हिरामणच पाण्यात उतरला. ते काम ढिवरांचंच होतं. तो तीनदा खाली गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या हातात काळं पडलेलं लाकडी बूच होतं आणि नहरेच्या तोंडाशी पाणी आधी मातकट, मग स्वच्छ वाहू लागलं. हरदटोल्याची पोरं कुदळी खांद्यावर टाकून पाण्याबरोबर खाली धावत गेली. ओला हिरामण माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"लिहा बाई पेपरात. देव पावला म्हना."

"देवच पावला ना, हिरामणभाऊ?"

तो डोक्याला बांधलेलं फडकं सोडून पिळायला लागला. "आता तुमी विचारता तर कोनीतरी पावलं," म्हणाला.

मी एसटीनं भंडाऱ्याला आले आणि तारघरातून फोनवर बातमी सांगितली. धुतलेल्या धानाबद्दल, शिबिराबद्दल, दोन पंचांगांबद्दल त्यात काही नव्हतं. त्यातलं एकही मी कोणाच्या तोंडून नावानिशी, उघडपणे सांगितलेलं मिळवू शकले नव्हते. वेणू "यांनीच" म्हणाली आणि तिनं शब्द गिळला. भिंतीआडून जे ऐकलं त्यात कोणी काही कबूल केलं नव्हतं. बातमी एका रकान्यात आली, फोटोशिवाय. मथळा संपादकांनी दिला होता, त्यात पुन्हा तोलल्याचा उल्लेखही नव्हता.

पुष्यात पाऊस आला, पंचांगात होता तसा. दोनतीन दिवस चांगला पडला. हरदटोल्याची रोवणी झाली. आश्लेषा कोरडी गेली, मघाही. भादव्यात मुरूमझरीच्या वरच्या शेतांना द्यायला तलावात पाणी नव्हतं आणि कापगत्यांचं बरंचसं धान लोंबी भरण्याआधी वाळलं. म्हणजे पहिला तोल खरा निघाला. दिवाळीनंतर मी दुसऱ्या कामानं त्या भागात गेले, तेव्हा हे मला भगवंतरावांनी स्वतः सांगितलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. फक्त म्हणाले, "लिहिणार असाल तर हेही लिहा."

अनसूयाबाई दोन वर्षांनी गेल्या. त्या आजारी असताना मान वेणूकडे आला. पुढं एकदा साकोलीच्या एका लग्नात वेणू भेटली. केस पिकायला लागले होते, बोलणं मुरूमझरीचं झालं होतं. मी विचारलं, तोलाचं धान अजून तुम्हीच देता का? देते म्हणाली. धुऊन का, असं मी हसत विचारलं. ती हसली नाही.

"सासूबाई जाताना सांगून गेल्या, तसं करते."

"काय सांगून गेल्या?"

"ते घरातलं हाये, मॅडम," ती म्हणाली आणि मला वाढायला गेली.

त्याला बरीच वर्षं झाली. महाराज नाहीत, त्यांचा पुतण्या काटा धरतो. बूच गेलं, तलावाला लोखंडी दार बसलं, पण ते फिरवायचं कधी ते अजून आषाढी पौर्णिमेलाच ठरतं. हिरामणचा मुलगा मला दरवर्षी फोन करतो. मध्ये तीन वर्षं धान हलकं भरलं होतं, एरवी जड. ती तीन वर्षं कोणती आणि का, यावर मी विचार केला आहे, पण हाती काही लागलेलं नाही.

यंदाही त्याचा फोन आला. पारडं खाली गेलं, म्हणाला, परवा पाणी सुटलं. मग सहज सांगावं तसं त्यानं सांगितलं की वेणूच्या मुलाचं लग्न काढलं आहे. दोन मुली पाहिल्या आहेत, एक हरदटोल्याची, लांज्यांच्या घरची, एक नागपूरची. वेणूला हरदटोल्याची पसंत आहे. भगवंतराव आता थकले आहेत, फारसे बोलत नाहीत, पण नागपूरच्या मुलीचा फोटो त्यांनी उशाशी ठेवला आहे.

तुळशीचं लग्न झाल्यावर बैठक आहे. होकार कुणाला जाणार, ते मला अजून कळलेलं नाही.